घरगुती धूळ व प्लॅस्टिकजन्य प्रदूषके

घरातील जमीन, फळ्या, खिडक्यांचे काठ, अंथरुणे व कापडी वस्तू यांवर बसणाऱ्या बारीक कणांच्या मिश्रणास घरगुती धूळ म्हणतात. बाहेरून आलेली माती, कपड्यांचे तंतू, त्वचेचे कोंडे, केस, काजळी, अन्नाचे कण, बुरशीची बीजुके व किटकांचे अवशेष हे तिचे नित्याचे घटक होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत आणखी एका वर्गाची भर पडली. प्लॅस्टिकाचे अतिसूक्ष्म तुकडे व तंतू, तसेच प्लॅस्टिकात मुद्दाम मिसळलेली आणि कालांतराने त्यातून बाहेर पडणारी रासायनिक द्रव्ये यांचा हा वर्ग आहे. थॅलेटे, ब्रोमीनयुक्त व फॉस्फरसयुक्त ज्वालारोधके, बिस्फेनॉले आणि शिशासारख्या धातूंची संयुगे ही त्यांतील प्रमुख होत. ही द्रव्ये धुळीत निर्माण होत नाहीत. धूळ ती केवळ गोळा करते व साठवून ठेवते. म्हणून एखाद्या घरातील धूळ ही त्या घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची एक प्रकारची नोंदवहीच ठरते.

द्रव्ये व त्यांचे उपयोग : प्लॅस्टिकाचा मूळ घटक असलेले बहुवारिक (लहान रेणूंच्या जोडणीने बनलेले प्रचंड रेणूंचे संयुग) सहसा एकट्याने वापरण्याजोगे नसते. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पी.व्ही.सी.) हे याचे ठळक उदाहरण आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले. परंतु ते कठीण व ठिसूळ असल्याने पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सीमन यांनी उच्च उकळबिंदू असलेल्या द्रवांत तापवून त्यास लवचिकपणा आणला. असे लवचिकपणा आणणारे पदार्थ म्हणजे मृदुकारक द्रव्ये होत. थॅलिक अम्लाची एस्टरे, म्हणजे थॅलेटे, ही त्यांपैकी सर्वांत अधिक वापरात आली व डाय-२-एथिलहेक्झिल थॅलेट (डीईएचपी) हे त्यांत दीर्घकाळ अग्रभागी राहिले. विजेच्या तारांवरील वेष्टन, मेणकापड, रेक्झिन, पावसाळी अंगरखे, चपला, मऊ खेळणी व जमिनीवर अंथरावयाचे पट्टे यांतील लवचिक पी.व्ही.सी.मध्ये वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत मृदुकारक असू शकते.

विद्युत् व इलेक्ट्रॉनीय उपकरणांची आवरणे आणि आसनांतील फेसाळ पॉलियुरेथेन यांत आग पसरू नये म्हणून ज्वालारोधके घालतात. पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथरे (पीबीडीई) ही त्यांतील सर्वांत अधिक अभ्यासलेली होत. बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेट व एपॉक्सी रेझिने बनविण्यासाठी लागते. शिशाची संयुगे पी.व्ही.सी.चे उष्णतेने विघटन होऊ नये म्हणून स्थिरीकारक या नात्याने वापरली जात असत.

सर्व प्लॅस्टिके या दृष्टीने सारखी नाहीत. पाण्याच्या ताठ पी.व्ही.सी. नळांत मृदुकारक जवळजवळ नसते. त्यांच्या बाबतीत प्रश्न प्रामुख्याने स्थिरीकारकांचा असतो. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांना लवचिकपणासाठी थॅलेटांची गरज पडत नाही. मात्र त्यांत रंगद्रव्ये व ऑक्सिडीभवनरोधके असतात आणि माल पुनर्प्रक्रियेने बनविलेला असल्यास मूळ वस्तूंतील द्रव्येही त्याच्याबरोबर येऊ शकतात.

धुळीत शिरण्याचे मार्ग : मृदुकारके व बरीच ज्वालारोधके बहुवारिकाच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. पिठात मुरलेल्या तेलाप्रमाणे ती नुसती मिसळलेली असतात. त्यामुळे ती तीन मार्गांनी बाहेर येतात : (१) पृष्ठभागावरून अत्यंत मंद गतीने बाष्परूपाने सुटून ती हवेत मिसळतात व तेथून धुळीच्या कणांवरील स्निग्ध थरात शोषली जातात; (२) प्लॅस्टिकाच्या पृष्ठभागावर बसलेली धूळ त्याच्याशी असलेल्या प्रत्यक्ष स्पर्शातून ती शोषून घेते; (३) वापराने व उन्हाने जीर्ण झालेल्या प्लॅस्टिकाचा भुगा होऊन तो धुळीत मिसळतो. अशा द्रव्यांना अर्धबाष्पनशील म्हणतात. अत्तर किंवा रॉकेल यांप्रमाणे ती उडून जात नाहीत, परंतु पूर्णपणे स्थिरही राहत नाहीत. भिंती, कापड व अंथरुणे हीसुद्धा ती शोषून घेतात व पुढे सावकाश परत सोडतात. म्हणूनच मूळ वस्तू घराबाहेर काढल्यावरही काही द्रव्ये तेथील धुळीत महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, आढळतात.

या क्रियेवर तपमानाचा परिणाम फार मोठा असतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पी.व्ही.सी.च्या जमिनीवरील आच्छादनाचा तुकडा बंद कोष्ठात ठेवून हवेतील डीईएचपीचे प्रमाण मोजले. २३° से. तपमानास ते दर घन मीटरला सु. ०·९ मायक्रोग्रॅम भरले, ३५° से.ला सु. १० व ६१° से.ला सु. २०० मायक्रोग्रॅम भरले. म्हणजे केवळ १२ अंशांच्या वाढीने ते सु. अकरा पट झाले. मोकळ्या खिडक्यांच्या घरात वारा ही बाष्पे विरळ करीत असल्याने प्रयोगातील आकडे जसेच्या तसे घराला लावता येत नाहीत. परंतु उष्ण प्रदेशात प्लॅस्टिकातून द्रव्ये लवकर सुटतात, हा निष्कर्ष त्यांवरून निश्चित निघतो.

मापन व पाहण्या : धुळीचा नमुना व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून किंवा स्वच्छ कुंचल्याने गोळा करतात. तो चाळून केस व खडे काढून टाकतात, कार्बनी विद्रावकाने त्यातील द्रव्ये विरघळवून घेतात आणि वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन या पद्धतींनी ती ओळखून मोजतात. परिणाम दोन प्रकारे सांगतात. एक ग्रॅम धुळीतील द्रव्याची राशी ही तिची संहती होय, तर एक चौरस मीटर जमिनीवरील राशी हा तिचा भार होय. या दोहोंत गल्लत झाल्यास निष्कर्ष चुकतात. ज्या घरात बाहेरची माती भरपूर येते तेथे संहती कमी भरली, तरी धूळच अधिक असल्याने भार मोठा असू शकतो.

नॉर्वेतील ऑस्लो येथील घरांच्या धुळीत थॅलेटे आढळल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील केप कॉड येथे सायलेंट स्प्रिंग इन्स्टिट्यूट या संस्थेच्या रूथॅन रूडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० घरांची पाहणी केली (२००३). शोधावयाच्या ८९ द्रव्यांपैकी ६६ त्यांना धुळीत सापडली. त्यांत डीईएचपीचे मध्यक प्रमाण दर ग्रॅमला सु. ०·३४ मिग्रॅ. होते. न्यूयॉर्क राज्यातील कुरुंतचलम कण्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ देशांतील २८६ नमुने तपासले (२०२०). त्यांत भारतातील घरेही होती. पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट, म्हणजे ज्यापासून पाण्याच्या बाटल्या व पॉलिएस्टर कापड बनते ते प्लॅस्टिक, या प्रत्येक नमुन्यात आढळले. पॉलिएस्टराच्या साड्या, पडदे व चादरी झिजताना सुटणारे तंतू हा त्याचा एक मोठा उगम होय.

खानदेशातील परिस्थिती : शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तापी वाहते. तरीही तालुका अवर्षणप्रवणच आहे. मे महिन्यात तेथील तपमान ४०° से.च्या वर जाते व नांगरलेल्या शेतांवरून येणारे उष्ण वारे घराघरांत माती आणून टाकतात. पूर्वीचे घर मातीच्या भिंतींचे, धाब्याचे व शेणाने सारवलेल्या जमिनीचे असे. त्याच्या धुळीत माती, शेणाचा चुरा, चुलीची राख व काजळी यांचे प्राधान्य असे. ती आरोग्यास निर्दोष होती असे नव्हे. चुलीचा धूर हा श्वसनविकारांचे आजही एक महत्त्वाचे कारण मानला जातो. मात्र धुळीचे रासायनिक स्वरूप वेगळे होते. पुढे सिमेंटची घरे, फरशा व पत्र्याची छपरे आली आणि त्यांबरोबरच विजेच्या तारा, पंखे, दूरचित्रवाणी संच, मेणकापड, प्लॅस्टिकच्या घागरी, खुर्च्या व चटया घरात आल्या. धाब्याच्या तुलनेने पत्र्याखालील खोली दुपारी फार लवकर तापते. वर दिलेल्या प्रयोगाच्या संदर्भात ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

शेजारचे जळगाव हे प्लॅस्टिक उद्योगाचे मोठे केंद्र आहे. तेथे जैन उद्योगसमूहाने १९८० मध्ये पी.व्ही.सी. नळांचे उत्पादन सुरू केले व नंतर ठिबक सिंचनाच्या साहित्यात नाव मिळविले. पुनर्प्रक्रिया केलेल्या पॉलिप्रोपिलिनाच्या चटया विणण्याचा धंदाही तेथे भरभराटीस आला. या स्वस्त, रंगीत व पाण्याने न कुजणाऱ्या चटयांनी बोरूच्या व शिंदीच्या चटयांची जागा बव्हंशी घेतली. पाण्याची टंचाई असलेल्या या भागात नळ व ठिबकच्या नळ्या यांनी शेती तगवून धरली आहे. त्यामुळे प्लॅस्टिक घराबाहेर ठेवणे हा येथील प्रश्नाचा उलगडा होऊ शकत नाही. कोणते प्लॅस्टिक, कोठे व किती जीर्ण होईपर्यंत वापरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

कापूस हे या प्रदेशाचे मुख्य नगदी पीक. भाव येईपर्यंत शेतकरी वेचलेला कापूस बहुधा राहत्या घरातच साठवितो. त्याचे तंतू, पाल्याचा चुरा व शिल्लक राहिलेली किटकनाशके ही धुळीत मिसळतात आणि तंतूंचा विस्तृत पृष्ठभाग हवेतील अर्धबाष्पनशील द्रव्यांना चिकटण्यास आयताच मिळतो. प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या उन्हात राहिल्या की त्यांचा चुरा होऊ लागतो व तोही घरात येतो. थंडीत शेकोटी पेटविण्यासाठी किंवा चूल लवकर धरावी म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळण्याची सवय याहून घातक आहे. तीमुळे प्लॅस्टिकातील द्रव्ये धुराबरोबर एकदम मोकळी होतात आणि पी.व्ही.सी. जळाल्यास हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिने तयार होतात. त्यांची काजळी अखेर भिंतींवर व जमिनीवरच बसते.

शरीरात प्रवेश : धूळ श्वासावाटे, त्वचेवाटे व तोंडावाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या बाबतीत तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रांगणारे मूल दिवसाचा बराच वेळ जमिनीवर घालविते, हातास लागेल ते तोंडात घालते आणि त्याच्या शरीराचे वजन अल्प असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण अभिकरणाने २०११ मध्ये एक ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या पोटात दररोज सु. ६० मिग्रॅ. घरगुती धूळ जाते असे धरले आहे. जेथे बसणे, जेवणे व निजणे जमिनीवरच चालते, तेथे मोठ्यांचाही धुळीशी संबंध अधिक येतो.

या आकड्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. धुळीत डीईएचपीचे प्रमाण दर ग्रॅमला ५०० मायक्रोग्रॅम आहे असे मानल्यास ६० मिग्रॅ. धुळीबरोबर ३० मायक्रोग्रॅम पोटात जाईल. १२ किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण दर किग्रॅ. वजनामागे २·५ मायक्रोग्रॅम पडते. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये डीईएचपी व तत्सम थॅलेटांसाठी मिळून ठरविलेली सह्य दैनिक मात्रा दर किग्रॅ.ला ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एकट्या धुळीतून येणारा अंश मर्यादेच्या सु. विसाव्या भागाइतका होतो. यावरून दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे घरातील धूळ हे तात्काळ विषबाधेचे कारण नव्हे. दुसरी म्हणजे हा अंश अन्न, वेष्टने, सौंदर्यप्रसाधने व औषधे यांतून येणाऱ्या अंशात दररोज मिळत राहतो. डीईएचपीच्या बाबतीत अन्न हा मुख्य मार्ग आहे. पीबीडीईंच्या बाबतीत मात्र, विशेषतः त्यांचा फार वापर झालेल्या उत्तर अमेरिकेत, लहान मुलांसाठी धूळ हाच मुख्य मार्ग ठरला आहे.

आरोग्यावरील परिणाम : थॅलेटांचे शरीरात विघटन होऊन ती बहुतांशी एक-दोन दिवसांत मूत्रावाटे बाहेर पडतात. संपर्क थांबला की शरीरातील प्रमाणही उतरते. याउलट पीबीडीई चरबीत साठतात व काही वर्षे टिकतात. उंदरांवरील प्रयोगांत गर्भावस्थेत दिलेल्या काही थॅलेटांनी नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष उत्पन्न झाल्याचे दिसून आले आहे. ही द्रव्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात अडथळा आणतात, असे त्यावरून मानतात. पीबीडीईंचा संबंध अवटू ग्रंथीच्या कार्याशी व मुलांच्या बौद्धिक वाढीशी जोडला गेला आहे. शिशाचा मुलांच्या मेंदूवरील दुष्परिणाम तर निःसंशय सिद्ध झालेला आहे.

धुळीचा प्रत्यक्ष विचार करणाऱ्या अभ्यासांत स्वीडनमधील कार्ल-गुस्ताफ बोर्नेहाग व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास (२००४) प्रसिद्ध आहे. दमा किंवा अधिहर्षताजन्य (ॲलर्जीच्या) विकार असलेल्या १९८ मुलांच्या घरांची त्यांनी २०२ निरोगी मुलांच्या घरांशी तुलना केली. निजावयाच्या खोलीतील धुळीत डीईएचपी अधिक असणे व दमा, तसेच ब्यूटिल बेंझिल थॅलेट अधिक असणे आणि नासिकाशोथ व इसब, यांत संबंध आढळला. दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे. ओलसर घरे, जुने बांधकाम, तंबाखूचा धूर यांसारखी कारणेही त्यांत गुंतलेली असू शकतात. तथापि अशा प्रकारचे निष्कर्ष अन्यत्रही मिळाल्याने सावधगिरीची आवश्यकता मान्य झाली आहे. ज्ञान वाढेल तशा मर्यादाही बदलतात. यूरोपीय प्राधिकरणाने बिस्फेनॉल-ए साठी २०१५ मध्ये दर किग्रॅ.ला ४ मायक्रोग्रॅम ही दैनिक मर्यादा ठरविली होती. २०२३ मध्ये ती ०·२ नॅनोग्रॅम, म्हणजे वीस हजारांश, करण्यात आली.

कायदे : स्टॉकहोम कराराखाली पीबीडीईंचे काही प्रकार २००९ मध्ये व डेकाब्रोमोडायफेनिल ईथर २०१७ मध्ये त्याज्य द्रव्यांच्या यादीत घालण्यात आले. भारतात ई-कचऱ्याविषयीच्या २०११ च्या नियमांनी (अंमल १ मे २०१२ पासून) विद्युत् उपकरणांतील पीबीडीईंस वजनाच्या ०·१ टक्क्याची मर्यादा घातली. चिरस्थायी कार्बनी प्रदूषकांविषयीच्या २०१८ च्या नियमांनी त्यांच्या काही प्रकारांचे उत्पादन, व्यापार व वापर यांवर बंदी आणली. खेळण्यांसाठी भारतीय मानके १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली. थॅलेटांविषयीचा भागही या मानकांत आहे. पी.व्ही.सी. नळांतील शिशाच्या स्थिरीकारकांविषयी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. ही सर्व बंधने नव्या वस्तूंवर आहेत, धुळीवर नाहीत. घरातील जुना दूरचित्रवाणी संच, फाटलेली गादी किंवा तडे गेलेले वायरीचे वेष्टन यांपर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे घरातील व्यवस्थाच उपयोगी पडते.

प्रतिबंधक उपाय : (१) कोरडी केरसुणी बारीक धूळ पुन्हा हवेत उडविते. झाडण्यापूर्वी किंचित पाणी शिंपडणे व नंतर ओल्या फडक्याने जमीन पुसणे अधिक गुणकारी असते. अंगणात सडा टाकून मगच झाडण्याच्या जुन्या रीतीमागे हेच तत्त्व आहे. पाणी तुटपुंजे असल्यास मुले निजतात व खेळतात तेवढी जागा तरी पुसावी. (२) मुलांचे हात जेवणापूर्वी व रांगून झाल्यावर साबणाने धुवावेत. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांवर केलेल्या एका अभ्यासात (२०१९) वारंवार हात धुणे व घर पुसणे यांनी मूत्रातील ज्वालारोधकांच्या अवशेषांचे प्रमाण घटल्याचे दिसले. (३) चटया व गोधड्या नियमाने धुवाव्यात. चटईचे धागे तुटून भुगा होऊ लागला की ती बदलावी. (४) चिकट झालेले मेणकापड, तडकलेले रेक्झिन व वितळलेले वायरीचे वेष्टन घरात ठेवू नये. चिकटपणा हे मृदुकारक बाहेर येत असल्याचे एक लक्षण असते. (५) प्लॅस्टिकच्या वस्तू तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नयेत व दुपारनंतर खोलीत वारा खेळता ठेवावा. (६) शक्य असेल तेथे कापूस, गोण्या व नळ्या निजावयाच्या खोलीपासून वेगळ्या ठेवाव्यात. (७) तांब्यासाठी जुन्या तारा जाळणे, जुनी उपकरणे राहत्या घरात फोडणे व चुलीत प्लॅस्टिक घालणे कटाक्षाने टाळावे.

या उपायांस विशेष खर्च येत नाही व त्यांतील बरेचसे गृहव्यवस्थेच्या जुन्या शिस्तीतच मोडतात. मात्र त्यांचा भार सर्वस्वी घरातील स्त्रियांवर पडतो आणि पाणी लांबून आणावे लागते तेथे तो दुप्पट होतो. धुळीतील द्रव्य हे अखेर वस्तूतूनच आलेले असते. म्हणून ते कारखान्यातच वगळणे, पुनर्प्रक्रियेसाठी येणारा माल निवडून घेणे व वस्तूंवर त्यांतील घटकांची नोंद करणे हाच या प्रदूषणावरील मूलगामी उपाय होय.